झाल्यासारखंच

"तुमचं घर विकलं का?" काकूंनी चिकाची वाटी माझ्या हातात देता देता विचारलं. मी चमचा उचलत म्हटलं, "हो, झाल्यासारखंच आहे."

मार्चचा शेवटचा रविवार होता तो. नागपुरात त्रिमूर्तीनगरच्या पलीकडे एका तीनमजली इमारतीतला तळमजल्यावरचा फ्लॅट. मागच्या बाजूला वीतभर अंगण, त्यात कढीपत्ता, एक जास्वंद, आणि खाटेवर जुनं धोतर अंथरून घातलेल्या कुरड्या. घरभर गव्हाच्या चिकाचा आंबूस, गरम वास दाटलेला होता. आम्ही घर पाहायला येणार हे काकूंना आदल्या दिवशीच कळलं होतं, पण तीन दिवस भिजलेले गहू कुणासाठी थांबत नाहीत. "या न, बसा न. पसारा पाहू नका बाप्पा," म्हणत त्यांनी आधी खायला दिलं आणि मग घर दाखवलं. तेल-मीठ घातलेला गरम चीक मी कित्येक वर्षांनी खाल्ला. सासूबाई गेल्यापासून आमच्याकडे कुरड्या विकतच्याच येतात.

एजंट मुलानं मला गाडीतच बजावलं होतं, "काकू, विचारलं तर झालंय म्हणा. नाहीतर पार्टी मनावर घेत नाही." मला सरळ 'झालंय' म्हणवलं नाही, म्हणून मी 'झाल्यासारखंच' म्हटलं. त्या एका 'सारखंच'च्या आडोशाला मी उभी राहिले. खरं म्हणजे हनुमाननगरचं आमचं घर विकायचं आहे हे तोवर शेजाऱ्यांनासुद्धा माहीत नव्हतं. फाटकावर पाटी नव्हती, पेपरात जाहिरात नव्हती. फक्त रात्री जेवण झाल्यावर आम्ही दोघं त्याबद्दल बोलायचो, तेही हळू आवाजात. भिंतींना ऐकू जाऊ नये असं वाटायचं.

माझं उत्तर ऐकल्यावर काकूंचा चेहरा बदलला. आधी त्या एकेक खोली नुसती दाखवत होत्या, आता एकेक खोली माझ्या हाती सोपवू लागल्या. ही फळी ढिली आहे, जड डबे ठेवू नका. या खोलीत दुपारी चारनंतर ऊन येतं, जाड पडदा लावा. मग बेडरूमच्या खिडकीशी थांबून म्हणाल्या, "तुमचा कूलर बसेल का इथं? ग्रिल कापलेलीच आहे. स्टँड मी काढत नाही, तुम्हालाच राहू द्या." आणि मी 'नको, नको' म्हणेपर्यंत त्यांनी स्टूल ओढलं, मशीनच्या खणातून शिवणकामाचा टेप आणला आणि चढल्या. सत्तरीच्या पुढच्या बाई. एक हात ग्रिलला, दुसऱ्या हातात टेप. मी स्टूल धरून उभी राहिले. त्यांच्या टाचांच्या भेगांमध्ये चिकाचा पांढरा अंश वाळलेला दिसत होता. त्यांनी माप सांगितलं, आणि बँकेच्या कॅलेंडरचं फेब्रुवारीचं पान फाडून त्याच्या कोऱ्या बाजूवर स्वतःच लिहून दिलं. रुंदी, उंची, स्टँडची खोली, आणि खाली एक ओळ, 'पंपाचा प्लग डाव्या हाताला आहे.'

तो कागद मी पर्समध्ये ठेवला. घरी आल्यावर पहिलं काम काय केलं, तर आमच्या कूलरचं माप घेतलं आणि त्याच कागदावर खाली लिहून ठेवलं. आमचा कूलर दोन इंच जास्त रुंद निघाला. त्या दोन इंचांनी मला बरं वाटलं हे मी इथे लिहून टाकते. जणू आता त्या घराला नाही म्हणायला एक कारण मिळालं होतं. पण त्या रात्री झोप आली नाही. डोळे मिटले की ते स्टूल दिसायचं.

आधी घर पाहायचं की आधी विकायचं, यावर आमच्या घरात वर्षभर वाद चालला होता. ह्यांचं म्हणणं साधं होतं. हातात पैसा आल्याशिवाय दुसऱ्याच्या दारात उभं राहू नये. माझं म्हणणं मला नीट मांडताच यायचं नाही. मी एवढंच म्हणायचे, कुठं जाणार ते दिसल्याशिवाय मी इथून पाय काढू शकत नाही. घर 1978 सालचं, सासऱ्यांनी बांधलेलं. बेडरूम वरच्या मजल्यावर, आणि ह्यांचे दोन्ही गुडघे डॉक्टरांनी पायऱ्या मोजून चढायला सांगावेत अशा अवस्थेत. शिवाय रस्ता. समोरचा रस्ता सिमेंटचा झाला तेव्हा आम्ही खूश झालो होतो, मग एका पावसाळ्यात लक्षात आलं की रस्ता वर आलाय आणि आमचं अंगण खाली गेलंय. पूर्वी फाटकातून रस्त्यावर एक पायरी उतरायचो, आता तीच पायरी चढावी लागते.

23 सप्टेंबर 2023 ची पहाट नागपुरात कुणाला सांगावी लागत नाही. अंबाझरी तलाव ओसंडला आणि नागनदी लोकांच्या स्वयंपाकघरात शिरली. आमच्याकडे नदी आली नाही, पण रस्ता आला. मी अंधारात पलंगावरून पाय खाली सोडला तो थेट घोटाभर पाण्यात. त्या दिवसांत आम्ही गुडघ्यांमुळे खालीच झोपत होतो. पुढचे दोन तास आम्ही दोघं, एकूण एकशे तीस वर्षांची दोन माणसं, बादल्यांनी पाणी बाहेर फेकत होतो आणि ते पुन्हा आत येत होतं. सकाळी देवघराच्या खालच्या कप्प्यातली पोथी ओली लागली हाताला. त्याच दिवशी हे पहिल्यांदा म्हणाले, "आता पाहू दुसरं." मी काहीच बोलले नाही. हे घर आपल्याला नको झालंय हे मला मान्य नव्हतं. घरालाच आम्ही झेपेनासे झालोय असं मला वाटत होतं.

आणि मग आम्ही घरं पाहायला लागलो. अकरा घरं पाहिली एका हिवाळ्यात. मला ते आवडायला लागलं, हेही खरं. रविवारी सकाळी तर्री-पोहे खाऊन निघायचं, एजंट मुलाच्या गाडीत मागे बसायचं, आणि ज्या नागपुरात सारा जन्म गेला त्याच्या पोटात शिरायचं. बेसा-बेलतरोडीकडे तर मी कितीतरी वर्षांत गेले नव्हते. माझ्या लग्नाच्या वेळी तिकडे शेतं होती. आता सात-आठ मजली इमारती, आणि एका गेटशी टँकरचा पाइप अजगरासारखा पसरलेला. वरून तिथलं आभाळ मात्र मोठं दिसायचं. मनीषनगरच्या एका फ्लॅटच्या बाल्कनीतून रेल्वे दिसायची, तिथं ह्यांचा पाय निघत नव्हता. दाभ्याच्या बाजूला एक घर इतकं नवं होतं की त्यात अजून कुणी भांडलेलं नसावं असं वाटलं. खामल्यात एक घर पाहिलं, तिथल्या सूनबाई दार उघडल्यापासून एक शब्द बोलल्या नाहीत. नुसत्या प्रत्येक खोलीच्या दारात आमच्या मागे येऊन उभ्या राहायच्या. बाहेर पडल्यावर हे म्हणाले, "तिला विकायचं नाहीये." आम्ही पुढे विषय काढला नाही.

दुसऱ्याच्या घरात शिरल्यावर डोळे कुठे जातात हे आपल्या हातात नसतं. हे सज्जाखाली ओल शोधायचे, टेप काढून भिंतीपासून भिंत मोजायचे. एका जुन्या फ्लॅटला सगळे 'अकराशे, अकराशे' म्हणत होते, ह्यांच्या टेपनं तो आठशेच्याही आत भरला. 2017 मध्ये रेरा हा घरखरेदीचा कायदा आल्यापासून नव्या स्कीममध्ये कार्पेट एरिया, म्हणजे घराच्या आतली वापरायची जागा, लिहावाच लागतो, पण जुन्या फ्लॅटांच्या बोलण्यातला आकडा अजून जिना, लिफ्ट, गच्ची सगळं कवेत घेऊन चालतो. माझे डोळे मात्र वेगळ्या ठिकाणी जायचे. ओट्याची उंची. देवांची जागा. पलंगावरून उठलेल्या माणसाला रात्री भिंतीचा आधार घेत बाथरूमपर्यंत जाता येईल का. आणि एक गोष्ट मी न ठरवता करायचे, ती ह्यांनीच मला दाखवली. आमच्या न्हाणीघराचं दार सागाचं आहे, पावसाळ्यात फुगतं, ते थोडं वर उचलून मगच लोटावं लागतं. ती सवय माझ्या मनगटात इतकी मुरली आहे की दर घरात मी बाथरूमचं दार उचलून लावायचे. हलकी फायबरची दारं, उचलली की बिजागरीत कडकन वाजायची. घरमालक दचकून पाहायचे. 'तोडशील कुणाचं तरी दार,' हे म्हणायचे, पण त्यांच्या आवाजात राग नसायचा.

अंबाझरीच्या खालच्या अंगाला एक घर पाहायला गेलो होतो. त्या भागात गेलं की मी आधी भिंतींचे खालचे तीन-चार फूट पाहायची. बऱ्याच घरांत तेवढाच पट्टा नव्या रंगाचा असायचा, वरचा रंग जुना. विचारावं तर लोक विषय बदलायचे. कुणाला दोष द्यावा, विकायचं असतं त्यांनाही. पण या घरातले गृहस्थ वेगळे निघाले. आम्ही बैठकीत पाय ठेवला न ठेवला तोच त्यांनी भिंतीला हात लावला, स्वतःच्या छातीच्या उंचीवर. "इथवर होतं," म्हणाले. "तुम्ही उद्या शेजाऱ्यांकडून ऐकाल, त्यापेक्षा माझ्याकडून ऐका." मग त्यांनी सगळं दाखवलं, वर उचललेले प्लग पॉइंट, बदललेली दारं. ते घर आम्ही घेणार नव्हतो हे तिघांनाही तत्क्षणी कळलं, तरी आम्ही अर्धा तास बसलो. निघताना हे त्यांचा हात हातात घेऊन म्हणाले, "बरं वाटलं भेटून." असं आम्ही दुसऱ्या कुठल्या घरात म्हटलं नव्हतं.

त्यानंतर महिन्याभरातच मी चिकाची वाटी हातात घेऊन 'झाल्यासारखंच' म्हटलं.

माझं लहानपण इतवारीतलं, भाड्याच्या दोन खोल्यांतलं. बाबांची नोकरी खासगी, मालकाची मर्जी फिरली की बिऱ्हाड हलायचं. दहा वर्षांची होईपर्यंत आम्ही चार बिऱ्हाडं बदलली, पण सगळी त्या चार-पाच गल्ल्यांतच. एका घराच्या गॅलरीतून तान्ह्या पोळ्याची मारबत दिसायची. काळ्या आणि पिवळ्या मारबतीचे मोठे पुतळे खालून जायचे, 'घेऊन जा गे मारबत'च्या आरोळ्या उठायच्या, आणि आई गॅलरीतून हळूच म्हणायची, "घरमालकाची किटकिट घेऊन जा." ते घर सुटलं तेव्हा मी घरासाठी रडले नाही, गॅलरीसाठी रडले.

आई बिऱ्हाड पाहायला जायची तेव्हा मला बरोबर न्यायची. तिचं पाहणं अगदी ठरलेलं होतं. ती खोल्यांकडे नजरही टाकायची नाही आधी. सरळ मोरीत. नळाची तोटी फिरवायची, कोरडी असली तरी तळवा खाली धरायची, आणि जी बाई ते घर सोडून चालली असेल तिलाच विचारायची, "किती वाजता येतो? किती गुंडं भरतात?" त्या दोघींचं मग तिथं मोरीच्या उंबऱ्यावर बराच वेळ चालायचं. दोन अनोळखी बायका, एक येणारी, एक जाणारी. मला कंटाळा यायचा. बाबा बाहेर मालकाशी भाड्याचं बोलत असायचे, पण घर घ्यायचं की नाही हे मोरीतच ठरलेलं असायचं. हे सगळं मला आठवत होतं. इतकी घरं पाहताना रोज आठवत होतं.

ह्यांनी हिशेबाची एक वही केली होती. तिच्या डाव्या पानावर 'विकून' आणि उजव्या पानावर 'आधी घेऊन'. उजवं पान भरत चाललं होतं ते माझ्या हट्टापायी. ठेवी मोडल्या तर किती, मुलीकडून घ्यायचे नाहीत ही एक ओळ दोनदा अधोरेखित, बँकेकडून मधल्या काळापुरतं कर्ज घेतलं तर व्याज किती. करसल्लागारांकडून विचारून आणलेला नियमही त्यात होता. जुनं घर विकण्याआधीच्या एका वर्षात नवं घेतलेलं असेल किंवा विकल्यावर दोन वर्षांत घेतलं, तर नफ्यावरच्या करात सूट मिळते. म्हणजे माझ्यासारख्या माणसांचा विचार कायद्यानंही करून ठेवला होता, पण एकच वर्ष दिलं होतं. आणि एका वर्षात आमचं घर विकलं जाईलच असं कोण सांगणार? प्लॉट एनआयटीच्या, म्हणजे नागपूर सुधार प्रन्यासच्या, लीजचा. त्याची परवानगी, ग्राउंड रेंटच्या पावत्या, सासऱ्यांच्या नावावरून ह्यांच्या नावावर आलेले कागद, सगळं गोळा करायचं म्हणजे महिने जाणार. उजव्या पानाच्या तळाशी एक ओळ होती, 'तिच्या नावावर घेतल्यास मुद्रांक शुल्कात 1 टक्का सूट.' काकूंच्या फ्लॅटची किंमत 62 लाख सांगितली होती, म्हणजे 62 हजार वाचणार होते. ती ओळ वाचून मी बराच वेळ ते पान तसंच उघडं धरून बसले. माहेरची सगळी घरं मालकांची, सासरचं घर सासऱ्यांचं, मग ह्यांचं. माझं नाव कुठल्याही दारावर नव्हतं, आणि मला त्याचं कधी दुःखही झालं नव्हतं. आता ते होईल म्हटल्यावर आत काहीतरी हललं. कारण काही असो, हललं खरं.

एका दुपारी मुलीच्या सांगण्यावरून मी आमच्या घराचे फोटो काढायला घेतले. ती पुण्याहून फोनवर सांगत होती, आई, दिवे सगळे लाव, पडदे उघड, कोपऱ्यात उभी राहून काढ. काढले. बैठक, जिना, वरची खोली, मागची छपरी. फोनवर पाहिले तर ते कुणाचंही घर दिसत होतं. जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसून सासूबाई लसूण सोलायच्या, कारण तिथून फाटकही दिसायचं आणि गॅसही. फोटोत ती नुसती तिसरी पायरी होती. मला फोटोत न दिसणाऱ्या या गोष्टींची भीती वाटली. घर घेणारा जे पाहून जाईल त्यात आमचं काहीच नसेल, आणि जे आमचं आहे ते विकल्यावर कुठे ठेवायचं ते मला कळेना. मी मुलीला सांगितलं, फोटो नीट आले नाहीत. म्हणजे आणखी एक 'झाल्यासारखंच'.

एप्रिल लागला. ऊन त्रेचाळीसच्या वर गेलं. आमच्या कूलरला वाळ्याच्या नव्या ताट्या बसवल्या, आणि पहिल्या संध्याकाळी तो ओला वास घरभर पसरला तेव्हा मला पर्समधला कागद आठवला. एजंट मुलाचे फोन येत होते. पहिल्यांदा मी म्हटलं, पाहतो. दुसऱ्यांदा म्हटलं, ह्यांची तब्येत जरा बरी नाही. तिसऱ्यांदा त्यानं सांगितलं, "काकू, त्या आजींनी दुसऱ्या पार्टीला थांबवून ठेवलंय. त्यांचं म्हणणं आहे की त्या बाईंचं घर झालंय, त्या येतील." त्यानंतर मी त्याचा फोन उचलला नाही. तीन आठवडे उचलला नाही. स्क्रीनवर नाव दिसलं की मी फोन पालथा ठेवायचे आणि हे माझ्याकडे पाहायचे.

घर पाहणं म्हणजे नुसतं पाहणं आहे, त्याला काही पैसे पडत नाहीत, असं मी तोवर समजत होते. पण ज्याच्या घरात आपण जातो त्याचा तो दिवस आपण येण्याभोवती बांधलेला असतो. पलंगावरची चादर बदललेली असते. आजारी माणसाला आतल्या खोलीत नेऊन बसवलेलं असतं. आणि आपण गेल्यावर त्या घरातली माणसं रात्री आपल्याबद्दल बोलतात. ती बाई बरी वाटली, तिला देवघर आवडलं, ती घेईल. अकरा घरांत आमच्याबद्दल अशी बोलणी झाली असतील. आम्ही गाडीत बसल्या बसल्या पुढच्या घराचा पत्ता विचारत होतो. आधी पाहिल्याशिवाय मला पाय काढता येणार नाही, हे माझं म्हणणं मी आजही सोडलेलं नाही. ते माझ्यापुरतं खरं आहे. पण 'आम्ही अजून विकायला काढलेलं नाही, आम्हाला वेळ लागेल' एवढं वाक्य दारातच सांगायला हवं होतं. मग त्या स्टुलावर चढल्या नसत्या. किंवा चढल्याही असत्या, पण जाणून चढल्या असत्या.

अक्षय्य तृतीया झाल्यावर चार दिवसांनी मी एकटी गेले. एजंटला सांगितलं नाही, ह्यांना सांगितलं. ते म्हणाले, "जाऊन ये." रिक्षातून उतरले तेव्हा सकाळचे नऊच वाजले होते, पण डांबराला वास सुटला होता. अंगणातली खाट उभी करून ठेवलेली. दार उघडंच. काकू जमिनीवर बसून स्टीलचे डबे वर्तमानपत्रात गुंडाळत होत्या. मला पाहून त्या उठायला लागल्या, मी त्यांना उठू दिलं नाही, तिथंच त्यांच्यासमोर बसले.

"आमचं घर विकलेलं नव्हतं," मी म्हटलं. "अजूनही नाही. काढलेलंच नाही विकायला."

त्यांनी हातातला डबा गुंडाळून पूर्ण केला. टोकं आत दुमडली. मग म्हणाल्या, "कळलं होतं मला."

"तेव्हाच?"

"तुम्ही गेल्यावर. रात्री. ओटा पाहिला तुम्ही, देवघर पाहिलं, खिडक्या उघडून पाहिल्या. नळ किती वाजता येतो ते नाही विचारलं." त्या थोडा वेळ थांबल्या. "घर घेणारी बाई ते विचारल्याशिवाय जात नाही न."

मी त्यांच्या मागे पाहिलं. मोरीचं दार अर्धं उघडं होतं आणि आतली पितळी तोटी तेवढी दिसत होती. आईचा तळवा आठवला. मला काही बोलता आलं नाही.

"मग दुसऱ्यांना कशाला थांबवलंत?"

"वाटलं, येईल विचारायला," काकू म्हणाल्या. एवढंच म्हणाल्या. मग सांगितलं, की ती दुसरी पार्टी थांबली नाही, पण तिसरे कुणी आले, त्यांचा इसार अक्षय्य तृतीयेला झाला. नवराबायको दोघं नोकरीवाले आहेत, एक लहान मुलगा आहे. काकू मुलाकडे चालल्या होत्या, अमरावतीला. तिथं त्यांना खालची खोली देणार होते.

मग त्यांना एकदम काहीतरी आठवलं. "तो कागद आहे का हो तुमच्याकडे? कूलरचा? त्या पोरीनं माप मागितलंय. आता मला त्या स्टुलावर चढवत नाही."

कागद पर्समध्येच होता. इतके दिवस तिथंच होता. मी काढून दिला. काकूंनी चष्मा लावला, घडी उलगडून डोळ्यांजवळ धरला, आणि खाली मी लिहिलेल्या आकड्यांवर बोट ठेवलं.

"हे कोणाचं?"

"आमच्या घरचं. आमच्या कूलरचं."

त्यांनी कागद मांडीवर ठेवला. माझ्या आकड्यांच्या बरोबर वरून घडी घातली, नखानं दोनदा दाबून काढली, आणि जिभेच्या टोकानं ओली करून खालची पट्टी अगदी सरळ फाडली. वरचा कागद त्यांनी डब्यांच्या ढिगावर ठेवला. पट्टी माझ्या हातात दिली.

"हे तुमचं," म्हणाल्या. "आणि साडेपाचला येतो नळ. पहिली पाच मिनिटं गढूळ येतं, ते झाडांना टाकायचं."